स्वस्त पिशवीतले राक्षस

दिवाळी आली की आमच्या बेळगावात गल्लोगल्ली किल्ले उभे राहतात. दगड-विटांचा ढीग, त्यावर भिजवलेली पोती, वरून लाल मातीचा गिलावा, उतारावर पेरलेले अळीव आणि मोहरी. मग बाजारातून मातीची चित्रे येतात. सिंहासनावरचे महाराज, भालदार, तोफेजवळचा मावळा, डोक्यावर पाटी घेतलेली बाई. काही वर्षांपूर्वी एका मंडळाने मला किल्ला स्पर्धेचा परीक्षक म्हणून बोलावले होते. हातात गुणांचा तक्ता घेऊन मी किल्ल्यामागून किल्ला पाहत निघालो होतो.

एका किल्ल्याच्या बुरुजावर मला एक विचित्र प्राणी दिसला. मूळचा तो यात्रेत मिळणारा प्लास्टिकचा डायनासोर असावा. पण त्याच्या पाठीवर घड्याळातली दातेरी चाके चिकटवली होती, शेपटीला बॉलपेनची रिफिल जोडली होती आणि सगळ्या अंगाला काळा रंग फासला होता. ‘‘हे काय रे?’’ मी विचारले. नऊ-दहा वर्षांचा मुलगा होता. तो म्हणाला, ‘‘सर, हा गडाचा राखणदार. दिवसा विहिरीत झोपतो आणि रात्री तटावरून फिरतो.’’ मी समजुतीच्या सुरात त्याला सांगितले, की शिवकाळात असले प्राणी नव्हते, आणि ‘ऐतिहासिक अचूकता’ या रकान्यातले दोन गुण कापले.

इतिहासाच्या दृष्टीने माझे काही चुकले होते असे नाही. पण त्यानंतर कॉलेजातल्या काही विद्यार्थ्यांमुळे एका निराळ्याच खेळाच्या इतिहासाची ओळख झाली आणि ते कापलेले दोन गुण मला टोचू लागले. त्या मुलाने बुरुजावर जे केले, नेमके तेच पन्नासेक वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका लहान गावात मोठ्या माणसांनी केले होते. त्यातून जन्मलेले राक्षस आज जगभरच्या मुलांना ठाऊक आहेत.

टेबलावरची लढाई

वॉरगेम म्हणजे टेबलावर खेळायची लढाई. बुद्धिबळाप्रमाणे इथेही दोन पक्ष असतात. पण पट चौकटींचा नसतो. टेकड्या, नद्या, घरे मांडलेला असतो. सैनिक किती इंच पुढे सरकणार हे पट्टीने मोजायचे आणि कोण पडले, कोण वाचले हे फाशांवर ठरवायचे. याची सुरुवात करमणूक म्हणून झालेली नाही. जर्मनीतल्या प्रशिया राज्यात राइसवित्झ या लष्करी अधिकाऱ्याने १८२४ मध्ये अशा खेळाचे नियम सैन्यापुढे मांडले आणि तिथल्या अधिकाऱ्यांना त्यावर शिक्षण मिळू लागले.

हा खेळ घराच्या जमिनीवर आणण्यात मोठा वाटा एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाचा. ‘टाइम मशीन’वाले हेच ते वेल्स. १९११ मध्ये त्यांनी ‘फ्लोअर गेम्स’ आणि १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ अशी दोन पुस्तके लिहिली. ब्रिटन्स या कंपनीचे शिशाचे पोकळ सैनिक आणि स्प्रिंगने गोळी उडवणारी छोटी तोफ घेऊन हा प्रौढ गृहस्थ मित्रांबरोबर जमिनीवर लोळून खेळत असे. दुकानांत सैनिक हवे तेवढे मिळतात, पण साधी नागरी माणसे मिळत नाहीत, अशी तक्रारही त्यांनी करून ठेवली आहे. ही तक्रार महत्त्वाची आहे. खेळणाऱ्याला जे हवे ते दुकानात नसते, आणि तिथूनच पुढची सगळी गोष्ट सुरू होते.

लेक जिनिव्हाचे तळघर

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनिव्हा नावाचे तळ्याकाठचे गाव आहे. तिथे गॅरी गायगॅक्स नावाचा माणूस राहत होता. जन्म १९३८ चा. विमा कंपनीत नोकरी होती, ती १९७० मध्ये गेली. मग घरातच बूट-चपला दुरुस्त करून त्याने संसार चालवला. घरात मुलेबाळे होती आणि पैशांची ओढाताण होती. पण घराच्या तळघरात वाळूने भरलेले एक मोठे टेबल होते आणि त्यावर मित्रमंडळी जमून लढाया खेळत.

१९७१ मध्ये गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांनी मिळून ‘चेनमेल’ नावाचे मध्ययुगीन लढाईचे नियम प्रसिद्ध केले. त्याच्या शेवटी गायगॅक्सने एक पुरवणी जोडली. तीत ड्रॅगन होते, राक्षस होते, जादूगार होते. खेळणाऱ्यांना ती कल्पना फार आवडली. पण लगेच अडचण उभी राहिली. सरदार आणि भालेकरी यांचे पुतळे बाजारात मिळत होते. ड्रॅगन कुठून आणायचा? अशा काल्पनिक प्राण्यांचे पुतळे त्या वेळी जवळजवळ कोणी बनवतच नव्हते.

मग त्यांनी आपल्या मुलांच्या खेळण्यांकडे पाहिले. प्लास्टिकच्या डायनासोरला पंख लावले, की झाला ड्रॅगन. मोठ्या मापाचा साधा सैनिक लहान मापाच्या सैनिकांमध्ये उभा केला, की झाला तो दैत्य. या दुसऱ्या युक्तीकडे जरा लक्ष द्यावे. त्या सैनिकात काहीही बदललेले नाही. फक्त त्याचे शेजारी बदलले. या खेळातला माणूस साधारण इंचभर उंच असतो. त्याच्या शेजारी चार इंची पालसुद्धा मगरीहून भयानक वाटते. वस्तू किती मोठी हे तिच्याजवळ काय उभे आहे त्यावर ठरते, हा या सगळ्या कलेचा पहिला धडा आहे.

ज्यांना नाव नव्हते ते प्राणी

याच सुमारास गायगॅक्सला एका स्वस्त वस्तूंच्या दुकानात प्लास्टिकच्या प्राण्यांची एक पिशवी सापडली. आपल्याकडे यात्रेत ‘कोणतीही वस्तू दहा रुपये’ असे दुकान असते ना, तशातलाच प्रकार. खेळणी हाँगकाँगची होती. पिशवीवर ‘प्रागैतिहासिक प्राणी’ असे लिहिलेले असले, तरी आतले काही प्राणी कोणत्याही काळात पृथ्वीवर वावरलेले नव्हते. एकाच्या शेपटीच्या टोकाला पंख्याच्या पात्यांसारखे काहीतरी होते. एकाचे तोंड चोचीसारखे होते. एक कवचधारी होता. हे प्राणी त्या काळच्या जपानी दूरदर्शन मालिकांमधल्या राक्षसांवरून ढापलेले असावेत, असे पुढे अनेक अभ्यासकांनी म्हटले आहे. म्हणजे नकलेची नक्कल, आणि तीही ओबडधोबड.

पण हा ओबडधोबडपणाच पथ्यावर पडला. पिशवीतला एखादा प्राणी स्पष्टपणे सिंह असता, तर तो सिंहच राहिला असता. सिंह काय करतो हे सगळ्यांना माहीत असते. हे प्राणी कोण आहेत हे मात्र कोणालाच सांगता येत नव्हते. त्यामुळे टेबलावर ठेवताना प्रत्येक वेळी प्रश्न पडे, की हा कोण? हा काय खातो? हा समोर आला तर काय होईल?

पंख्याच्या शेपटीच्या प्राण्याला गायगॅक्सने दिलेले उत्तर तर भन्नाट आहे. हा प्राणी माणसे खात नाही, लोखंड खातो. त्याच्या मिशांचा स्पर्श झाला की तलवार, ढाल, चिलखत सगळे क्षणात गंजून भुगा होते आणि तो भुगा हा चाटून खातो. याचे नाव ‘रस्ट मॉन्स्टर’, म्हणजे गंज आणणारा राक्षस. ड्रॅगनला न भिणारे खेळाडू या प्राण्यापुढे पळत सुटत. कारण मेल्याचे दुःख एक वेळ चालेल, पण महिनोन्‌महिने खेळून मिळवलेले चिलखत डोळ्यांदेखत गंजून जाणे परवडत नसे. चोचीच्या प्राण्याचा झाला ‘आउलबेअर’, अर्धा घुबड आणि अर्धा अस्वल. कवचधारी प्राणी जमिनीखालून शार्कसारखा पोहत येऊन वर उसळणारा ठरला. त्याचे नाव ‘बुलेट’. आपल्याकडच्या फटफटीशी त्याचा काही संबंध नाही!

१९७४ च्या जानेवारीत गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध झाला. पहिल्या आवृत्तीच्या फक्त १००० पेट्या होत्या आणि त्या हातानेच भरलेल्या होत्या. १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ या पुरवणीत गंजराक्षस आणि घुबड-अस्वल छापले गेले. बुलेटबद्दल टिम कास्क या संपादकाने जून १९७६ च्या ‘द ड्रॅगन’ मासिकाच्या पहिल्याच अंकात लिहिले. १९७७ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये तिघेही चित्रांसह आले. गंजराक्षसाच्या चित्रात शेपटीची ती पंख्यासारखी पाती तशीच आहेत. खेळण्याच्या साच्यातला एक विचित्रपणा असा त्या प्राण्याच्या शरीराचा भाग होऊन बसला.

२०२३ मध्ये या खेळावर निघालेल्या हॉलिवूडच्या चित्रपटात नायिकांपैकी एक जण घुबड-अस्वलाचे रूप घेते. त्याच वर्षीच्या ‘बाल्डर्स गेट ३’ या संगणकावरच्या खेळात घुबड-अस्वलाचे पिल्लू आहे. तुमच्या घरातल्या कॉलेजकुमाराला विचारून पाहा, त्याला ते ठाऊक असण्याचा बराच संभव आहे. त्या पिल्लाचा आजा हाँगकाँगच्या एका पिशवीतून आला, हे मात्र त्याला बहुधा माहीत नसेल.

डिओडरंटचा रणगाडा

या खेळाची इंग्लंडमधली शाखा निराळ्या रीतीने वाढली. लंडनमध्ये १९७५ मध्ये तिघा मित्रांनी ‘गेम्स वर्कशॉप’ नावाचा व्यवसाय सुरू केला. सुरुवातीला ते लाकडी पट तयार करून विकत. १९७९ मध्ये त्याला जोडून ‘सिटॅडेल’ ही धातूचे लहान पुतळे ओतणारी कंपनी उभी राहिली. १९८३ मध्ये ‘वॉरहॅमर’ हा खेळ आला आणि १९८७ मध्ये रिक प्रीस्टली यांनी लिहिलेला ‘वॉरहॅमर ४०,०००’ आला. चाळीस हजार सालचे अंतराळयुद्ध अशी त्याची कल्पना.

पुन्हा तीच अडचण. नियमांत हवेत तरंगणारे रणगाडे होते, पण विकायला एकही नव्हता. तेव्हा कंपनीच्याच ‘व्हाइट ड्वार्फ’ मासिकाने वाचकांना घरच्या घरी रणगाडा कसा करायचा ते छापून दिले. मुख्य सामान काय, तर काखेत लावायच्या डिओडरंटची रिकामी प्लास्टिकची डबी. ती आडवी ठेवायची, प्लास्टिकच्या पट्ट्या चिकटवायच्या, दुसऱ्या खेळण्यांचे उरलेले सुटे भाग बसवायचे आणि रंग द्यायचा. त्या पिढीतले खेळाडू आज पन्नाशी-साठीचे आहेत. पण तो डिओडरंटचा रणगाडा आठवला की ते आजही खुलतात.

सुट्या भागांची ही करामत फक्त खेळणाऱ्यांपुरती नव्हती. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटातली प्रचंड अंतराळयाने जवळून पाहिली, तर त्यांच्या अंगावर बाजारात मिळणाऱ्या रणगाड्यांच्या आणि विमानांच्या मॉडेल-किटमधले शेकडो सुटे तुकडे चिकटवलेले दिसतात. ते तुकडे तिथे काहीही काम करत नाहीत. पण डोळ्याला वाटते, की एवढे बारीक काम आहे म्हणजे हे यान अफाट मोठे असले पाहिजे. लेक जिनिव्हाच्या तळघरातला तोच पहिला धडा इथे उलट्या बाजूने वापरला आहे. तिथे शेजारी लहान ठेवून प्राणी मोठा केला, इथे अंगावरचे तुकडे बारीक ठेवून यान मोठे केले.

मग दुकान भरले

१९८८ मध्ये कंपनीने स्वतःचे प्लास्टिकचे चिलखती वाहन बाजारात आणले. त्यानंतर एकामागून एक किट येत गेले. काम उत्तम, बारकावे थक्क करणारे, किंमतही तशीच. कंपनीचा पसारा वाढून तिची दुकाने जगभर झाली. तिच्या दुकानांत आणि तिने भरवलेल्या स्पर्धांत तिचेच पुतळे लागतात. घरात बनवलेला डिओडरंटचा रणगाडा स्पर्धेच्या टेबलावर आणायची सोय उरली नाही.

२०१० मध्ये कंपनीने अमेरिकेतल्या एका छोट्या विक्रेत्यावर शिकागोच्या न्यायालयात खटला भरला. हा विक्रेता कंपनीच्या पुतळ्यांना बसतील असे सुटे भाग बनवून विकत असे. वेगळे डोके, वेगळा खांदा, वेगळे हत्यार. त्यांतले काही भाग असे होते, की नियमपुस्तकात त्यांचे वर्णन होते, पण कंपनी ते स्वतः बनवत नव्हती. २०१३ मध्ये ज्यूरीने निकाल दिला. काही बाबतींत तो कंपनीच्या बाजूने होता, काही बाबतींत विक्रेत्याच्या. त्यानंतरच्या वर्षांत खेळाडूंच्या एक गोष्ट ध्यानात आली. ज्या प्राण्याचा वा शस्त्राचा पुतळा कंपनी विकत नाही, त्याचे नियम पुस्तकांतून हळूहळू कमी होत चालले होते.

हा बदल वाटतो त्याहून मोठा आहे. गायगॅक्सच्या तळघरात आधी वस्तू होती, मग तिच्याकडे पाहून कल्पना सुचली आणि कल्पनेवरून नियम झाला. १९८७ मध्ये आधी नियम होता आणि वस्तू खेळणाऱ्याने करायची होती. आता वस्तू, कल्पना आणि नियम हे तिन्ही एकाच पेटीत भरून मिळतात. खेळणाऱ्याकडे उरते ते पैसे देणे आणि पेटीवरच्या चित्राप्रमाणे रंगवणे. कंपनीला आपला धंदा सांभाळण्याचा हक्क आहे, ते मला मान्य आहे. शिल्पकारांची मेहनत कोणीही फुकट उचलू नये, हेही खरे. पण या व्यवहारात खेळणाऱ्या मुलाच्या हातून काहीतरी निसटले, हेही तितकेच खरे.

मात्र सगळेच निसटले असे नाही. हौशी लोक आजही पुतळे कापतात, जोडतात. घरच्या घरी थ्री-डी प्रिंटरवर हवा तो हात, हवे ते डोके छापून काढणारे आता पुष्कळ आहेत. आणि त्या तीन राक्षसांच्या बाबतीत तर एक सुखद योगायोग घडला. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चे मालक बदलत गेले. १९९७ मध्ये तो खेळ ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ या कंपनीकडे गेला आणि १९९९ मध्ये ती कंपनी ‘हॅस्ब्रो’ने घेतली. २०२३ च्या सुरुवातीला परवान्याच्या अटी बदलण्याच्या हालचाली झाल्या, तेव्हा खेळाडूंनी मोठा गदारोळ केला. शेवटी त्याच जानेवारीत कंपनीने मूळ नियमांचा एक मोठा दस्तऐवज खुल्या परवान्याखाली दिला. मूळ स्रोताचा उल्लेख केला, की तो कोणीही वापरू शकतो. त्या दस्तऐवजात गंजराक्षस, घुबड-अस्वल आणि बुलेट हे तिघेही आहेत. बिननावाच्या पिशवीतून आलेले प्राणी पन्नासेक वर्षांनी पुन्हा सगळ्यांचे झाले.

चाकू चालवायची हिंमत

आपल्या भागात खेळण्यांची मोठी परंपरा आहे. इकडे गोकाकची आणि किन्नाळची रंगीत लाकडी खेळणी, तिकडे सावंतवाडीची फळे, खाली चन्नपट्टणची लाखेची खेळणी. कन्नडात बाहुलीला ‘गोंबे’ म्हणतात आणि म्हैसूरकडे दसऱ्यात गोंब्यांची आरास मांडतात. आमच्याकडच्या अनेक घरांत आजोळ कन्नड आणि घर मराठी, किंवा त्याच्या उलट असते. त्यामुळे एकाच घरात दसऱ्याची गोंब्यांची आरास आणि दिवाळीचा किल्ला असे दोन्ही पाहिलेली मुले असतात.

पण कारागिराने घडवलेली गोंबे पूर्ण असते. तिच्यावर चाकू चालवायला कोणाचा हात धजावणार नाही, आणि धजावू नयेच. यात्रेतला स्वस्त डायनासोर मात्र खुशाल कापावा. तो बिघडला तर आई रागावत नाही, बाबांचे पैसे बुडत नाहीत. महागड्या खेळण्याला आपण म्हणतो, ‘जपून खेळ हं!’ स्वस्त खेळण्याला असे कोणी म्हणत नाही. त्या न बोललेल्या वाक्यात केवढे तरी स्वातंत्र्य असते. गायगॅक्स श्रीमंत असता आणि दुकानात सुंदर ड्रॅगन मिळत असता, तर गंजराक्षस कदाचित जन्मलाच नसता.

घरी करून पाहायचे तर

मुलांना सुटीत हा उद्योग करून पाहायचा असेल, तर सामान फार लागत नाही. यात्रेतले किंवा बाजारातले स्वस्त प्राणी, मोडकी घड्याळे, संपलेल्या रिफिली, बाटल्यांची टोपणे, शिवणयंत्राची रिकामी बॉबिन, बिघडलेल्या रेडिओतले सुटे भाग. बेळगावात उद्यमबागेच्या बाजूला ज्यांच्या घरी वर्कशॉप आहे, त्यांना तर वॉशर, नट आणि स्प्रिंगांची ददात नाही.

पहिले काम धुण्याचे. नव्या प्लास्टिकवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेला तेलकट थर असू शकतो. साबणाच्या पाण्याने तो घासून काढला नाही, तर रंग धरत नाही. दुसरे काम प्लास्टिक ओळखण्याचे. कडक प्लास्टिक चिकटते. मेणचट, मऊ प्लास्टिकवर मात्र फेव्हिक्विकही टिकत नाही. अशा वेळी दोन्ही तुकड्यांना बारीक भोक पाडून आत तारेचा तुकडा खुपसावा आणि वरून एम-सील भरावे. पाइपची गळती बंद करायला आपण जे एम-सील वापरतो, तेच इथे मातीसारखे वापरता येते. दोन्ही भाग सारखे मळायचे, पाण्याने ओल्या केलेल्या टूथपिकने त्याला आकार द्यायचा. खवले, शिंगे, केस, कापडाच्या चुण्या, सगळे त्यात होते. पुढच्या तास-दोन तासांत ते दगडासारखे घट्ट होते. परदेशातले हौशी कलाकार याच जातीची दोन भागांची पुट्टी वापरतात.

रंग देताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. इंचभर पुतळ्यावर पडणारी सावली इतकी अंधूक असते, की डोळ्याला ती जाणवत नाही. म्हणून सावली आणि उजेड दोन्ही रंगाने काढावे लागतात. आधी सगळ्याला काळा किंवा गडद हात द्यायचा. तो वाळला की मूळ रंग लावायचा. मग खूप पातळ केलेला गडद रंग खाचांत सोडायचा. शेवटी फिकट रंगात बुडवलेला ब्रश कागदावर जवळजवळ कोरडा पुसून उंचवट्यांवरून हलकेच फिरवायचा. या शेवटच्या हाताने ओबडधोबड प्लास्टिकसुद्धा जिवंत वाटू लागते. साधे ॲक्रिलिक रंग पुरतात.

काळजीच्या गोष्टी थोड्या आहेत, पण त्या टाळू नयेत. ब्लेडचे काम मोठ्यांनी करावे. एम-सील मळताना हातमोजे घालावेत आणि नंतर हात धुवावेत. फेव्हिक्विक डोळ्यांपासून लांब ठेवावे. प्लास्टिक वितळवू नये, त्याचा धूर वाईट. थर्मोकोलवर फेव्हिक्विक किंवा स्प्रेचा रंग लावला तर तो विरघळतो, तिथे फेव्हिकॉलच वापरावे. आणि खेळण्यांना आयएसआय चिन्ह आपल्याकडे २०२१ पासून सक्तीचे झाले आहे, म्हणून कापायचा असला तरी डायनासोर तेवढे चिन्ह पाहूनच घ्यावा. बाळाच्या तोंडात जाईल असा कोणताही तुकडा जमिनीवर सोडू नये.

पण सर्वांत महत्त्वाची पायरी रंग वाळल्यानंतरची. पुतळा टेबलावर ठेवायचा आणि मुलाला विचारायचे, की हा कोण? काय खातो? कशाला घाबरतो? उत्तर आपण सांगायचे नाही. ते मराठीत येईल, कन्नडात येईल, किंवा आमच्याकडे येते तसे दोन्ही मिसळून येईल. ते वहीत लिहून ठेवावे. एक वही भरली की त्या घराचे स्वतःचे ‘मॉन्स्टर मॅन्युअल’ तयार झाले समजा.

ते दोन गुण

माझ्यापुरता मी थोडा विचार केला. किल्ला हा आपल्याकडे इतिहास शिकण्याचा भाग आहे. तो खेळ असला, तरी नुसताच खेळ नाही. महाराजांच्या गडावर काय शोभते आणि काय नाही याची जाण मुलांना यायला हवी, हे माझे मत आजही कायम आहे. पण त्याच गुणांच्या तक्त्यात ‘स्वतः बनवलेली चित्रे’ असा रकाना नव्हता. सगळी चित्रे विकत आणून नीट मांडली, तर पूर्ण गुण मिळत होते. एका मुलाने मोडक्या घड्याळातून काहीतरी घडवले, त्याला झोपण्याची जागा दिली, फिरण्याची वेळ दिली, आणि तक्त्यात त्यासाठी जागा नसल्यामुळे तो फक्त चुकीचा ठरला. ती चूक तक्त्याची होती आणि तक्ता हातात धरणाऱ्याचीही.

मंडळाच्या कार्यकर्त्यांना मी आता सुचवले आहे, की येत्या दिवाळीत किल्ल्याच्या गुणांना हात न लावता टाकाऊ वस्तूंतून केलेल्या चित्रांसाठी वेगळे बक्षीस ठेवावे. बक्षिसाची रक्कम देण्याची तयारी मी दाखवली आहे. तो मुलगा आता बराच मोठा झाला असेल, बहुधा स्पर्धेत भागही घेत नसेल. पण गल्लीत भेटला, तर त्याला एक गोष्ट विचारायची राहून गेली आहे. विहिरीत झोपणाऱ्या त्या राखणदाराचे नाव काय होते?